विचारल्याशिवाय हात लावू नये

रंगनाथ थेटे यांच्या गच्चीवर आणि कंपाउंडला मिळून एकशे बेचाळीस जातींच्या जास्वंदी होत्या, आणि त्यांच्या घरातल्या गणपतीला मात्र फूल यायचं ते कोंडाजी गुरुजींच्या पिशवीतून. मखमलाबाद रोडवरच्या त्या कॉलनीत ही गोष्ट लहानथोर सगळ्यांना माहीत होती. माहीत नव्हती ती फक्त रंगनाथरावांना.

त्याचं झालं असं, की झाडावरचं फूल तोडायचं नाही हा थेट्यांच्या घरातला कायदा. संध्याकाळी मिटून गळालं की मग न्या हवं तर. आता मिटलेलं, मलूल फूल गणपतीला कोण वाहील? पण सगुणाबाई कायद्याशी भांडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. निवृत्त शिक्षक कोंडाजी गुरुजी रोज सकाळी आकडी लावलेली काठी घेऊन फिरायला निघत, थेट्यांच्या कंपाउंडबाहेर झुकलेल्या फांद्यांची पाच-सहा फुलं पिशवीत टाकत आणि परतताना त्यातलीच दोन सगुणाबाईंच्या हातावर ठेवत. थेट्यांचं फूल कॉलनीला वळसा घालून थेट्यांच्याच देव्हाऱ्यात पोचायचं. एकदा रंगनाथरावांनी गुरुजींना फांदी वाकवताना पकडलं. गुरुजी जराही बिचकले नाहीत. फूल कुणीही वाहिलं तरी अर्धं पुण्य झाडाच्या मालकाला मिळतं, असं त्यांनी वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. रंगनाथराव म्हणाले, मला पुण्य नको, फूल हवंय. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

माणूस वाईट नव्हता हो. पण ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली की शिस्त अंगात मुरते. तिथं खात्यांना शॉप म्हणत, आणि टूल रूमच्या खिडकीत भिका बसायचा. पाना हवा असला की तो आधी विचारणार, कुठल्या शॉपमधून आलास? मग आपल्या नंबरचं पितळी टोकन खिळ्याला अडकवायचं, तेव्हा पाना हातात. संध्याकाळी पाना परत, टोकन परत. विमानात एक पाना विसरला तर काय होईल, हे तिथं कुणाला सांगावं लागत नसे. रंगनाथरावांचा नंबर चारशे सतरा. निवृत्तीच्या दिवशी भिकाने ते टोकन त्यांना आठवण म्हणून दिलं, आणि ते घरातल्या किल्ल्यांच्या खुंटीवर लटकत होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी जास्वंदी लावल्या आणि पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करणाऱ्या मुलीने, दिशाने, त्यांना एक वेबसाइट करून दिली. रोज सकाळी नऊ वाजता रंगनाथराव कॅमेरा घेऊन वर जात. प्रत्येक फुलाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी धरून फोटो काढत, खाली व्यास लिहीत आणि वेबसाइटवर टाकत. फूल सुंदर आहे असं त्यांनी कधी कुठे लिहिलं नाही. साडेपाच इंच आहे असं लिहिलं.

त्या सगळ्यांत त्यांचा जीव की प्राण होतं एक झाड. दोन जातींचा संकर करून, बी रुजवून, पाच वर्षं वाट पाहून त्यांनी स्वतः घडवलेलं. घासलेल्या तांब्याच्या तांब्यासारखा रंग आणि कडेला पिवळी किनार. कुंडीवर नंबर घातला होता चारशे सतरा, पण नाव नव्हतं. नव्या जातीला नाव द्यायचं तर ते पुण्याच्या जास्वंद मंडळाकडून मंजूर व्हावं लागे, आणि ते वर्षातून एकदाच, एकाच दिवशी. मंडळाच्या वेबसाइटवर फॉर्म भरायचा, फुलाचं नाव लिहायचं आणि आपल्या वेबसाइटवरच्या फोटोचा पत्ता द्यायचा. म्हणजे तो फोटो मंडळाच्या पानावर आपोआप दिसतो. मग त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सभासद आपापल्या घरून सगळी फुलं पाहून मत देतात.

मागच्या वर्षी नेमकी त्याच दिवशी रंगनाथरावांची वेबसाइट बंद पडली. मंडळाच्या पानावर फुलाच्या जागी पांढरा चौकोन, आणि शेरा आला, 'छायाचित्र दिसत नाही.' ते चार दिवस धड जेवले नव्हते. आता वय सदुसष्ट. झाडाचंही वय होत चाललेलं. या वर्षीचा दिवस ठरला होता बावीस तारीख, मंगळवार, आणि अठरा तारखेला दिशाचा फोन आला की पप्पा, तुमच्या वेबसाइटचा महिन्याचा डेटा पुन्हा संपत आलाय.

चौकशी केली तेव्हा कळलं की हजारो माणसं त्यांच्या फोटोंवर येत होती, पण त्यांच्या वेबसाइटवर येत नव्हती. 'रोजचं फूल' नावाचं कुठलंसं पान होतं. ते रोज रंगनाथरावांचा एक फोटो दाखवत होतं, तोही स्वतःकडे उतरवून न घेता. फक्त त्याचा पत्ता चिकटवलेला. पान त्यांचं, पण फोटो दर वेळी थेट्यांच्या वेबसाइटवरून मागवला जाणार.

"म्हणजे फूल माझ्याच गच्चीवर ठेवायचं," रंगनाथराव सावकाश म्हणाले, "आणि अख्ख्या गावाला आमंत्रण द्यायचं, की जा, थेट्यांच्या जिन्याने वर जाऊन बघून या. झिजतो तो जिना माझा."

दिशा म्हणाली, अगदी बरोबर. रंगनाथरावांनी ते पान उघडलं. वर गणपती, मध्ये त्यांचं साडेपाच इंची फूल, खाली 'वाहा' असं बटण. पट्टीसुद्धा तशीच दिसत होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यांनी पुढचं काही न वाचता फोन पालथा घातला. म्हणाले, हा तर कोंडाजी गुरुजींचाही गुरू निघाला. स्वयंपाकघरात सगुणाबाईंनी कुकरची तिसरी शिट्टी होण्याआधीच गॅस बंद केला. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं, पण रंगनाथरावांचं लक्ष कुठे होतं?

उपाय दिशाकडे होता. फोटो मागायला कुणी आलं की तो कुठल्या पानावरून आलाय हे वेबसाइटला कळतं. ज्या पानांना परवानगी आहे त्यांची यादी करायची. यादीतल्याला फोटो द्यायचा, बाकीच्यांना नाही. रंगनाथराव एकदम खुलले. म्हणजे खिडकीत भिका बसवायचा! कुठल्या शॉपमधून आलास, टोकन दाखव, नाहीतर चालू लाग. हे आधी का नाही सांगितलंस, असं म्हणून त्यांनी मुलीलाच दटावलं.

पुढे तिने सांगितलं की चोराला नुसतं रिकामं ठेवता येतं किंवा फोटोच्या जागी दुसरंच काहीतरी, फारसा डेटा न खाणारं, दाखवता येतं. इथे मात्र रंगनाथरावांच्या अंगात आलं. गच्चीवर बुलबुलांना घाबरवायला त्यांनी एक बुजगावणं उभं केलं होतं. त्याच्या अंगात त्यांचाच जुना खाकी युनिफॉर्म, डोक्यावर कारखान्याची टोपी, आणि पोटही, का कुणास ठाऊक, मालकाएवढंच सुटलेलं. त्याच्या गळ्यात त्यांनी पाटी अडकवली, 'विचारल्याशिवाय हात लावू नये.' बरोबर नऊ वाजता फोटो काढला. शेजारी पट्टी धरायला विसरले नाहीत.

"यादीत कोणाकोणाला घालू, पप्पा?" दिशाने विचारलं.

"कोणाला नाही. आपलं घर सोडून कोणी नाही."

"नक्की? नीट आठवा."

"अगं, मॅनेजर आला तरी भिका टोकनशिवाय पाना द्यायचा नाही," रंगनाथराव म्हणाले, आणि सोमवारी संध्याकाळी बुजगावणं कामावर रुजू झालं. जेमतेम दोन दिवसांचा डेटा शिल्लक होता. आता तो पुरणार होता. रंगनाथराव त्या रात्री पोरासारखे गाढ झोपले.

मंगळवार उजाडला तो अंगारकीचा. सगुणाबाईंचा उपास होता. सकाळी सातपासून त्यांचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना. दोन-तीनदा त्या फोन घेऊन बाल्कनीत गेल्या, दार ओढून घेतलं, आत आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. रंगनाथराव आपल्याच आनंदात होते. मंडळाचं मतदान दहाला सुरू झालं असणार, फूल दिसत असणार, आणि तिकडे तो 'रोजचं फूल'वाला कपाळाला हात लावून बसला असणार. त्यांनी साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेतली. खरं तर त्यांना उपास नव्हता.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. सगुणाबाईंचे हात साबुदाण्याने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने बटण दाबलं, आणि ते नेमकं स्पीकरचं निघालं. पलीकडे नवसाबाई होत्या. भजनी मंडळातल्या सगुणाबाईंच्या मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या.

"सगुणा, अगं आज फुलाऐवजी थेटे भाऊजीच आलेत गं," नवसाबाई काळजीच्या सुरात म्हणाल्या. "मी आपले वाहून टाकले गणपतीला. चालतील ना?"

रंगनाथरावांच्या हातातला चमचा हातातच राहिला. सगुणाबाईंनी कोपरानेच फोन बंद केला, हात धुतले, पुसले, आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

सगळं सांगितलं त्यांनी. नवसाबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा एकाच गोष्टीसाठी रडायच्या. देवाला रोज स्वतःच्या हाताने तोडलेलं फूल घालता येत नाही. मग सगुणाबाईंनी वेबसाइटवरचं एक फूल त्यांना फोनवर दाखवलं. नवसाबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून ते गणपतीकडे सरकवलं आणि म्हणाल्या, पोचलं बघ. मग त्यांच्या सुनेने, सायलीने, हे पान करून दिलं आणि रोज पत्ता कसा चिकटवायचा ते शिकवलं. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. गुडघे गेलेल्या, डोळे अधू झालेल्या, दहाव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बायका. नांदगावपासून दुबईपर्यंत. आता हजारो झाल्या होत्या.

"मी काही तोडलं नाही हो," सगुणाबाई म्हणाल्या. "फोटो तर तिथंच राहतो. मला वाटलं, बघितल्याने काय कमी होतंय?"

रंगनाथराव ओरडले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं की बघितल्याने डेटा कमी होतो, डेटा संपला की वेबसाइट बंद पडते, आणि मागच्या वर्षी ती त्याच्यामुळेच बंद पडली. मागच्या वर्षीचे ते चार दिवस सगुणाबाईंना आठवले. ताट वाढून त्या दाराशी उभ्या राहायच्या आणि हा माणूस भिंतीकडे बघत बसायचा. तो घाव आपल्या हातून झाला होता, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगनाथरावांना ते बघवेना.

अशा वेळी दुसरा फोन वाजला. हा रंगनाथरावांचा. कारखान्यात रिव्हेटचे दणके ऐकून त्यांचे कान निम्मे गेले होते, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवरच असे. जास्वंद मंडळाच्या सचिव चैताली मॅडम बोलत होत्या, आणि बोलताना हसू दाबत होत्या.

"थेटे सर, एक खुलासा हवा होता. तुमच्या फॉर्मवर फुलाचं नाव आहे 'सगुणा'. आणि फोटोत एक खाकी कपड्यांतले गृहस्थ उभे आहेत, गळ्यात पाटी, विचारल्याशिवाय हात लावू नये. सकाळपासून सभासदांचे फोन येताहेत. हे फूलच आहे ना?"

रंगनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं घर सोडून कोणी नाही, असं त्यांनीच सांगितलं होतं. भिकाने मंडळालाही खिडकीतून परत पाठवलं होतं! त्यांनी कसंबसं विचारलं की आता काय होईल. मॅडम म्हणाल्या, पाचपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात फूल दिसू द्या. फोन ठेवल्यावरही रंगनाथरावांना मागे वळायचं धाडस होईना. नाव ऐकलं असणार. दोन वर्षं त्यांनी या नावाबद्दल ताकास तूर लागू दिली नव्हती.

सगुणाबाई मात्र नावाबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. डोळे पुसून म्हणाल्या, आधी दिशाला फोन लावा.

दिशाने बापाला चार वाक्यांत वाट दाखवली, आणि मध्ये दोनदा फोन लांब धरून हसून घेतलं. यादीत मंडळाचं पान घातलं की तिथं फूल दिसेल. पण 'रोजचं फूल'ही आताच घातलं, तर अंगारकीची एवढी गर्दी, डेटा दोन तासांत खलास. मग मंडळालाही पुन्हा पांढरा चौकोन. रंगनाथरावांनी मंडळाचं नाव टाकलं आणि बोट तिथंच थांबवलं. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या, दहाव्या मजल्यावरच्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. सणाच्या दिवशी त्यांच्या हाती आपण बुजगावणं ठेवलं. तेही आपल्याच तोंडावळ्याचं.

"त्यांनाही घालतो," ते म्हणाले. "मंडळाचं पुढच्या वर्षी बघू."

"काही नको," सगुणाबाई म्हणाल्या. आवाजात असा काही ठामपणा होता की रंगनाथरावांनी हात मागे घेतला. "आज उपास सुटतो चंद्र दिसल्यावर. पाचनंतर फूल आलं तरी पूजेला पोचतं. मी सांगते सगळ्यांना."

आणि त्यांनी सांगितलं. खुर्ची ओढून, चष्मा लावून, एकेका गटावर बोलून निरोप धाडला की बायांनो, आज फूल संध्याकाळी मिळेल, तोवर कुणी पान उघडू नका, आणि उघडलंच तर भाऊजींचा राग मानू नका. उलट निरोपांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, राहू द्या, भाऊजी रुबाबदार दिसतात. कुणी विचारलं, पट्टीवर मोजायचं काय आहे, उंची की पोट? बागलाणातल्या एका आजीबाईंनी तर बुजगावण्याला हळद-कुंकूच वाहिलं होतं. सगुणाबाई एकेक निरोप मोठ्याने वाचून दाखवत होत्या. रंगनाथराव मान खाली घालून ऐकत होते. पाच वाजेपर्यंत त्या घरातून कुणी हललं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी चैताली मॅडमचा फोन आला. फूल मंजूर झालं होतं. नावासकट. मॅडमनी हेही सांगितलं की दोन ज्येष्ठ सभासदांनी बुजगावण्यालाही मत दिलं होतं, पण ते नाइलाजाने बाद करावं लागलं.

रंगनाथरावांनी आधी कॉम्प्युटर उघडला आणि यादीत 'रोजचं फूल' लिहिलं. मग सगुणाबाईंना म्हणाले की आजचं फूल चारशे सतरा लाव, आता त्याला नाव आहे. मिनिटभरात नवसाबाईंचा निरोप आला, पोचलं.

मग दोघं समोरासमोर बसले. बोलायचं ते अजून राहिलंच होतं. रंगनाथराव म्हणाले, तू मला एकदा विचारायला हवं होतंस. एवढे फोटो, दोन वर्षं, आणि एका शब्दाने विचारलं नाहीस.

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आणि तुम्ही माझं नाव नेलंत," त्या म्हणाल्या. "मला विचारलं होतंत?"

रंगनाथरावांनी विचारलं नव्हतं. पाच वर्षांत त्या झाडाला रोज पाणी घालताना हजार वेळा मनात आलं होतं, पण अशा गोष्टी विचारायच्या कशा, ते कुठल्याच शॉपमध्ये शिकवलं नव्हतं. ते उठले, किल्ल्यांच्या खुंटीवरून पितळी टोकन काढलं आणि बायकोच्या तळहातावर ठेवलं. सगुणाबाईंनी ते ओळखलं. चौतीस वर्षं त्यांनी युनिफॉर्म भिजवण्याआधी खिशातून हेच टोकन बाहेर काढलं होतं. त्यांनी मूठ मिटली आणि चहा टाकायला आत गेल्या. उपासाला चहा चालतो.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी गुरुजींनी नेहमीप्रमाणे दोन फुलं पुढे केली, तर सगुणाबाई म्हणाल्या, आजपासून नको. गुरुजी चक्रावले, पण फुलं परत पिशवीत टाकून गेले.

बरोबर नऊ वाजता रंगनाथराव कॅमेरा आणि पट्टी घेऊन गच्चीवर गेले. बुजगावणं जागच्या जागी उभं होतं. चारशे सतराच्या कुंडीपाशी ते थबकले. काल संध्याकाळी मोठी टप्पोरी कळी होती. आज फूल नव्हतं. ते असायला हवं होतं त्या देठाशी, दोऱ्याने नीट बांधून, पितळी टोकन लटकत होतं.

खालून देवघरातली घंटी ऐकू आली. मग रंगनाथरावांनी टोकनाला पट्टी लावली, फोटो काढला आणि वहीत लिहिलं, चारशे सतरा, सव्वा इंच, सगुणाने नेलं.